सत्यवानाची घट

माझ्या दुकानातला काटा काजू बीसाठी आहे, माणसांसाठी नाही. तरी वालावलीत कोणाला स्वतःचं वजन करायचं असलं की तो माझ्याच दारात येतो. लग्न ठरलेल्या मुली येतात, पोलिस भरतीला निघालेले पोरगे येतात. गणपतीला आलेले चाकरमानी येताना एकदा आणि जाताना एकदा उभे राहतात, आणि वाढलेल्या किलोंचा दोष माझ्या काट्याला देतात. काटा खोटा नाही. दर वर्षी त्याला सरकारी शिक्का लागतो. खोटा झालोच तर मी झालो, आणि तेही एकाच माणसाच्या बाबतीत. त्याचं नाव सत्यवान.

आधी घट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बी ओली असते. आज शंभर किलो घेतली तर आठ दिवस उन्हात पडून ती सत्त्याण्णव भरते. तो तोटा व्यापाऱ्याने का सोसायचा, म्हणून मोजतानाच दोन-तीन किलो कमी धरायचे, त्याला आम्ही घट म्हणतो. जिथे घट आहे तिथे भांडण आहे, आणि या भांडणात सत्यवान आमच्या गावात पहिला. त्याची बी खरोखर सुकलेली असते, मुठीत घेऊन हलवली तर वाजते. तरी मी घट कापायचो आणि तो दर मार्चमध्ये माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार करून जायचा. दुसऱ्या दिवशी पुढचं पोतं घेऊन पुन्हा माझ्याकडेच यायचा. अशी आमची दोस्ती.

सत्यवान शेतकरी. देवळाच्या तळ्यापलीकडे भाताचे चार कुणगे, वर भरडाच्या कोरड्या जमिनीवर काजू. वय एकोणपन्नास. आळशी म्हणाल तर अजिबात नाही, पण पोट असं की काट्यावर उभा राहिला की त्याला स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. याला कारण एकच, तांदूळ. स्वतःच्या शेतातला, लालसर, उकडा. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दहाला पेज, दुपारी भात आणि माशांची कढी, रात्री पुन्हा भात, आणि शेवटी ताकभात, कारण त्याशिवाय जेवण संपल्याचं त्याला कळत नाही. मी त्याला एकदा कुडाळच्या हॉटेलात चपाती खाताना पाहिलंय. औषध घेतल्यासारखी खाल्ली आणि घरी जाऊन पेज प्याला.

हे असंच चाललं असतं आणि मला त्याच्याबद्दल लिहायचं कारणही पडलं नसतं. पण त्याची बहीण सुगंधा आजारी पडली.

सुगंधा त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, रेडीला दिलेली. नवरा गुरुप्रसाद रिक्षा चालवतो, सरळ माणूस. या भावंडांची आई गेली तेव्हा सुगंधा नऊ वर्षांची होती आणि सत्यवान चौदा. बाप पहाटेच शेतात जायचा. मग चुलीवर पेज ठेवायची, ती थंड करून बहिणीला पाजायची, तिची वाकडीतिकडी वेणी घालायची आणि तिला शाळेत पोचवायची, हे सगळं सत्यवान करायचा. आम्ही एका वर्गात होतो. तो रोज उशिरा यायचा आणि रोज छडी खायचा, पण कारण कधी सांगायचा नाही. मला ते कळलं तेव्हा शाळा सुटूनही वर्षं झाली होती.

तर या सुगंधाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, त्यावर दिवस काढायचे. दोन वर्षं झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता कोणी किडनी दिली तर बरं. गुरुप्रसादचा रक्तगट जुळला नाही. सत्यवानाचं सगळं जुळलं. साखर नाही, प्रेशर नाही, किडन्या ठणठणीत. गोव्याच्या इस्पितळातले डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले, आणि मग त्यांनी समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं.

"सत्त्याण्णव किलोवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला उरलेलं आयुष्य एका किडनीवर काढायचंय. ब्याऐंशीच्या खाली या, मग तारीख देतो."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाची फळी काढतोय तोवर सत्यवान पायरीवर बसलेला.

"भाई, माका मोज."

"कित्या? विकूचो आसस?"

तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय. त्याने सगळं सांगितलं, काट्यावर उभा राहिला. सत्त्याण्णव किलो दोनशे. मी दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडा लिहिला आणि खाली ब्याऐंशी लिहून त्याला गोल केला. दर शनिवारी यायचं ठरलं.

त्याच दिवशी सत्यवानाने भात सोडला. ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यांवर फिरली. लोक खरंच हळहळले. त्याच्या बायकोने, स्वप्ना वहिनीने, मला विचारलं, "भाई, ह्यो माणूस जगतलो मां?"

तो नुसता जगलाच नाही, पहिल्या दोन महिन्यांत सहा किलो उतरला. पहाटे उठून तळ्याला फेऱ्या मारायचा, कुडाळला मोटरसायकल सोडून चालत जायचा. नव्वदपर्यंत आला, एकोणनव्वदला पोचला, आणि तिथे जो अडकला तो अडकलाच. एक शनिवार, दोन शनिवार, पाच शनिवार. आकडा हलायला तयार नाही. तो शर्ट काढून उभा राहिला. घड्याळ काढलं. एकदा केस कापून आला. एकोणनव्वद.

सहाव्या शनिवारी तो काट्यावरून उतरला नाही. तिथूनच म्हणाला, "भाई, घट धर."

"काय?"

"माझ्या बियेची धरतस मां? मगे माझी कित्या नाय? सकाळपासून तीन तांबे पाणी पियालंय. ता काय माझा वजन?"

मला हसू आलं. वीस वर्षं ज्या घटीसाठी हा माणूस मला शिव्या देत आला, ती आता स्वतःच मागत होता. मी म्हटलं ठीक, एक किलो पाण्याचा. दाराआड अठ्ठ्याऐंशी लिहिलं. त्याच्या तोंडावर इतकी उजेडाची कळा आली की पुढच्या शनिवारी मी न मागता दोन किलो कापले. पँट दवाने भिजलीय म्हटलं. त्याच्या पुढे जाडी पँट म्हटलं, पोटातली पेज म्हटलं, मला तेव्हा काय काय सुचलं ते आज सांगायला लाज वाटते. जानेवारी उजाडेपर्यंत मी सत्यवानाची घट सात किलोवर नेली होती. सात किलो! पावसात भिजलेल्या बीलाही मी कधी सात किलो घट धरलेली नाही.

आम्ही मूर्ख नव्हतो. काट्यावर काय दिसतंय ते दोघांनाही दिसत होतं. पण तिकडे सुगंधा मशीनवरून आली की जिना चढताना दोनदा बसायची, आणि ब्याऐंशी हा आकडा आम्हाला इतका हवा होता की दारावर लिहिलेला तोच खरा वाटायला लागला.

ब्याऐंशी झालं असं आम्ही इस्पितळात फोनवर कळवलं आणि तारीख मिळाली. मीही सोबत गेलो. सुगंधा बॅग भरून, केस नीट बांधून बाकावर बसली होती. नर्सने सत्यवानाला काट्यावर उभं केलं. एकोणनव्वद किलो शंभर.

"सिस्टर," सत्यवान इस्पितळातली शुद्ध भाषा काढून म्हणाला, "यातून घट धरायची असते."

"काय धरायची?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आयुष्यात मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

तारीख गेली. तीन महिन्यांनी या, म्हणाले. सुगंधाने फक्त "किती?" विचारलं आणि आकडा ऐकून म्हणाली, "बरा. आणि थोड्या दिसांनी येवया." बॅग तिने स्वतःच उचलली.

जायच्या आधी आम्हाला खालच्या खोलीत आहाराच्या बाईंकडे पाठवलं. बाई कसली, पंचवीस-सव्वीसची मुलगी. नम्रता नाव, माहेर कुडाळचं. तिने वही उघडली.

"काय काय खाता?"

"भात चार महिने तोंडात घातला नाही," सत्यवान घुश्शातच होता.

"छान. सकाळी?"

"घावणे. चार. पातळ असतात."

"मग दहा वाजता?"

"काही नाही. पेज."

"किती?"

"वाडगा. दोन वाडगे. कधी तीन."

"दुपारी?"

"भात सोडलाय ना. म्हणून पेज."

"आणि रात्री?"

"भाकरी."

"कसली?"

"तांदळाची."

नम्रताने पेन खाली ठेवलं. "काका, मीही पेज पिऊनच मोठी झालेय. तुम्ही भात सोडला नाही हो. तुम्ही तो पातळ केलात."

"पेज म्हणजे पाणी," सत्यवान म्हणाला.

"तळाशी काय असतं?"

खरं सांगतो, मलाही तोवर सुचलं नव्हतं. आमच्याकडे सकाळी अकराला कोणाला 'जेवलास काय?' विचारलं, तर तीन वाडगे पेज पोटात असलेला माणूस 'नाय' म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पेज हे काही खाणं नव्हे. पेज म्हणजे जेवणाच्या आधी करायचं एक काम. शिवाय वाडीत कुठल्याही घरी गेलं की एक वाडगा पुढे येतोच, आणि तळ्याला फेऱ्या मारणारा सत्यवान त्या फेऱ्यांत तीन घरी थांबायचा. मी स्वतः त्याला दोनदा दिलेली.

नम्रताने एक कागद लिहून दिला. त्याने तो न वाचता खिशात कोंबला. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, आजपासून माझ्या पानात तांदळाचा दाणा दिसता नये. भात नाही, पेज नाही, घावणे नाहीत, काही नाही.

ते अकरा दिवस वालावलीने सहन केले. उकडलेली अंडी, काकडी आणि डोक्यात राख. सख्ख्या शेजाऱ्याशी बांधावरून भांडला. पॉवर टिलरला लाथ मारून स्वतःचा अंगठा सुजवून घेतला. देवळात आरतीला उभा असताना चक्कर आली म्हणून खांबाला धरून बसला. माझ्याकडे शनिवारी आलाच नाही. आणि बाराव्या दिवशी वाडीतल्या दत्तारामाच्या नातवाचं बारसं होतं. तिथे सत्यवानाने अकरा वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि त्यावर तीन ताटं भात खाल्ला. मी पंगतीत समोर होतो. तो खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लोकांना वाटलं, सांबारं तिखट झालंय.

दुसऱ्याच आठवड्यात सुगंधाच्या छातीत पाणी भरलं. रात्रीत इस्पितळात न्यावं लागलं. पाच दिवसांनी सोडलं, आणि ती चार दिवस माहेरी आली.

मी तिला बघायला गेलो तेव्हा पडवीत सगळे बसले होते. तिच्या शेजारी अर्ध्या लिटरची एक बाटली होती आणि बाटलीवर नखांना लावायच्या लाल रंगाने रेघा ओढलेल्या. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"दिसाचा पाणी," ती म्हणाली. "एक रेघ सकाळी, एक गोळ्यांवांगडा. चाय घेतलंय तर एक रेघ कमी. गेल्या आठवड्यात दोन रेघो जास्त झाल्यो, तर छाती भरली."

आतून पेजेचा वास येत होता. सत्यवान तोंड फिरवून बसला होता, पुढ्यात अंडी.

"वयनी, दादाक पेज वाड," सुगंधा म्हणाली.

"नको. मी सोडलंय."

"तू सोडलस ता बारशाक सगळ्या गावान बगल्यानी." तिचा आवाज चढला नव्हता. "दादा, मी पेज सोडूक नाय. माझी सोडवली. दोन वर्सां मी पेजेचो वाडगो हातात धरूक नाय, कारण त्या एका वाडग्यात माझा अर्ध्या दिसाचा पाणी जाता. तुका पिवक मेळता आणि तू रुसान बसलस?"

स्वप्ना वहिनी आत गेली.

"सोडूचा नाय," सुगंधा म्हणाली. "सोडलेला टिकणा नाय. मोजूचा. माका इचार, मी दोन वर्सां दुसरा काय करतंय?"

वहिनीने पेज आणली ती सत्यवानाच्या नेहमीच्या वाडग्यात. तो वाडगा म्हणजे त्यात लहान मूल आंघोळ करील एवढा. सुगंधाने तो परत पाठवला. "माळ्यार माझो काशाचो वाडगो आसतलो. शाळेत जाय तेवाचो."

तो मिळाला. चिंचेने घासून वहिनीने पुढे ठेवला. ओंजळीत मावेल एवढा, काठाला एक पोचा.

"ह्याच्यात?" सत्यवान म्हणाला. "ह्याच्यात तू पियेस. नव वर्सांची हुतस."

"आणि तू? तू तेवा खय पियालस? होती ती सगळी माका घालीस."

वहिनीने त्या वाडग्यात पेज वाढली, शेजारी ताटभर तांबडी भाजी आणि दोन बांगडे ठेवले. त्याने वाडगा उचलला.

"हळू पी," सुगंधा म्हणाली. "मी बगतंय." आणि तो अर्ध्यावर आल्यावर तिने विचारलं, "मीठ बरा पडला?"

त्याने मान हलवली. मी उठून अंगणात गेलो. मी परत आलो तर ती माझी वाटच बघत होती.

"आणि भाई, तुमी."

"काय गो?"

"घट धरूची नाय."

मी दुकानात गेलो आणि ओल्या फडक्याने दाराआडचे सगळे आकडे पुसले. मग शनिवारी सत्यवान काट्यावर उभा राहिला तेव्हा सवयीने सात किलो कापून चौऱ्याऐंशी लिहायला हात गेला, इतकी ती घट अंगवळणी पडली होती. खरा आकडा एक्क्याण्णव होता. बारशाचे दोन किलो त्यात धरून.

त्या दिवसापासून तो वाडगा सत्यवानाचा झाला. सकाळी एक वाडगा पेज, दुपारी त्याच वाडग्याने एक वाडगा भात, रात्री एक भाकरी. उरलेलं ताट भाजीचं, कुळथाचं, माशांचं. कोणाच्या घरी गेला तर वाडगा पिशवीतून सोबत न्यायचा आणि सांगायचा, "घालूची तर ह्याच्यात, आणि मगे घरची कमी." लोक आधी हसले, मग सवयीचे झाले. आठ दिवसांनी त्याने खिशातला तो चुरगळलेला कागद काढून वाचला. नम्रताने नेमकं हेच लिहिलं होतं. तांदूळ सोडू नका, मोजा. 'पेज' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या.

तांदूळ पोटात जायला लागल्यावर माणूस पुन्हा माणसात आला. बांधावरचं भांडण मिटलं. तळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आता न थांबता. फेब्रुवारीत अडीच किलो गेले, मार्चमध्ये तीन. एका शनिवारी उलटे चारशे ग्रॅम वाढले तेव्हा तो पायरीवर बसून राहिला, आणि मला मोह झाला. तोंडावर शब्द आला होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "वाडला. चारशे." तो उठून सरळ तळ्याकडे चालायला लागला.

मग बीचा हंगाम आला. शनिवारी दुकानासमोर पोत्यांची रांग लागायची आणि मध्येच सत्यवान यायचा. रांगेतले लोक आपणहून बाजूला व्हायचे. त्याची स्वतःची बी आली तेव्हा मी आकडा वाचला आणि घट धरली नाही. तो म्हणाला, "थोडी धर मेल्या, नायतर लोकांक संशय येतलो."

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तो उभा राहिला तेव्हा अंगात शर्ट होता, खिशात मोबाईल होता. एक्क्याऐंशी किलो आठशे. मी म्हटलं, उतर. पुन्हा चढ. एक्क्याऐंशी आठशे. काटा रिकामा करून शून्य बघितलं आणि तिसऱ्यांदा चढवला. मागे दत्ताराम डोक्यावर पोतं घेऊन उभा होता. त्याने पोतं खाली ठेवलं.

"घट?" सत्यवानाने विचारलं.

"नाय धरूक."

तो जवळच्या पोत्यावर बसला. मी रेडीचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

इस्पितळात तीच नर्स होती. काट्यावर आकडा बघून तिने विचारलं, "काका, आज घट धरायची की नको?" सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सत्यवान हसला.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. आठ तास मी आणि गुरुप्रसाद बाहेर बसलो होतो, आणि दुपारी मला तहान लागली तर पाणी प्यायचं धाडस होईना. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, दोघंही ठीक आहेत, किडनीने टेबलावरच काम सुरू केलंय. गुरुप्रसाद माझ्या गळ्यात पडला. आमची तेवढी ओळखही नव्हती.

त्या वर्षी सत्यवानाला चिखलात उतरायची बंदी होती. त्याच्या चारही कुणग्यांची लावणी वाडीने केली. तो बांधावर छत्री घेऊन उभा राहायचा आणि इतक्या सूचना द्यायचा की बायकांनी त्याला शेवटी घरी हाकलला.

आणि मग नव्याची पुनव आली. दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या. सुगंधा माहेरी आली, तोंडाला मास्क, अंगावर थोडं मांस चढलेलं. तिच्या पिशवीत मोठी दोन लिटरची बाटली होती आणि तिच्यावर एकही रेघ नव्हती. डॉक्टरांनी आता उलटं सांगितलंय, दिवसाला तीन लिटर तरी प्यायचं. मला जेवायचं आमंत्रण होतं.

स्वप्ना वहिनीने गोडाधोडाचं केलं होतं. सुगंधाने विचारलं, "पेज नाय केलंस?"

नव्या तांदळाची पेज चुलीवर होतीच. वहिनीने दोन वाडगे आणले. काशाचा लहान वाडगा सत्यवानापुढे ठेवला आणि त्याचा जुना, मूल आंघोळ करील असला, सुगंधापुढे. सुगंधाने मास्क खाली केला, दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि सवयीने एकदा शेजारी बघितलं, रेघा कुठे आहेत म्हणून. मग तिच्या लक्षात आलं. ती प्यायला लागली. मध्ये थांबली नाही. आम्ही कोणी जेवत नव्हतो, सगळे तिच्या घशाकडे बघत होतो.

"हळू पी," सत्यवान म्हणाला. "मीठ बरा पडला?"

तिने रिकामा वाडगा खाली ठेवला आणि तोंड पुसलं. "वयनी, आणि वाड."

वहिनीने दवली भरून तिच्या वाडग्यात ओतली, आणि त्याच हाताने ती सत्यवानाकडे वळली. सत्यवानाने आपल्या वाडग्यावर हात आडवा धरला.

"माझी झाली," तो म्हणाला. "तिका घाल."